मानेचा हिशेब कोण करणार?

नव्या दुचाकीसोबत एक नव्हे, दोन हेल्मेट मिळावीत, असा मसुदा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून 2025 मध्ये काढला. त्याआधी, नोव्हेंबर 2024 मध्ये, मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नसेल तर वेगळं चलान फाडा, असा आदेश राज्याच्या वाहतूक पोलिसांनी दिला होता. तेव्हापासून वाद सुरू आहे तो एक की दोन, पुण्याला लागू की चंद्रपूरलाही, दंड किती, एवढ्यावरच. समोर ठेवलेलं हेल्मेट नेमकं कोणत्या माराला तोंड देण्यासाठी बनवलंय, हे क्वचितच कुणी विचारतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या माणसाला खरं तर हा प्रश्न नवा नाही. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) कोळसा खाणीत, सिमेंटच्या किंवा लोखंडाच्या कारखान्यात पाळीला जाणारा माणूस रोज हेल्मेट घालतो. त्या हेल्मेटच्या आत पट्ट्यांची जाळी असते आणि कवच व टाळू यांच्यात मुद्दाम पोकळी सोडलेली असते, कारण तिथं धोका वरून येतो: सुटलेला दगड, निसटलेला पाना. दुचाकीच्या हेल्मेटमध्ये पोकळी नसते. तिथं थर्माकोलच्या जातीचा घट्ट फेस असतो, तो आदळताना स्वतः चिरडतो आणि धक्का पिऊन टाकतो. कारखान्यातल्या हेल्मेटचं मानक आयएस 2925, दुचाकीचं आयएस 4151. पाळी संपल्यावर तीच पिवळी टोपी घालून बाइकवर घरी निघालेला माणूस या भागात कुणी पाहिला नसेल असं नाही. तो डोकं झाकतो, पण रस्त्यावर त्याचं डोकं उघडंच असतं.

आता हाच प्रश्न शर्यतीला लावून पाहू. उदाहरणार्थ, ड्रॅग रेसिंग. सरळ पट्टी, पाव मैल म्हणजे 402 मीटर, काही सेकंदांत निकाल. विदर्भाला हा खेळ परका वाटायला नको. तळेगाव दशासरच्या शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला, जमणारी गर्दीही सरळ धावपट्टी आणि घड्याळातल्या सेकंदांसाठीच श्वास रोखून उभी असते. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला. तेव्हा बैलांच्या हालांवर भरपूर बोललं गेलं आणि ते योग्यच होतं. पण छकड्यावर बैल हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या डोक्याचा विषय त्या चर्चेत फारसा आलाच नाही.

इंजिनवाल्या शर्यतीसाठी मात्र घुग्घुसच्या हौशी पोरांना लांब जावं लागतं. लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ भरते. बंगळुरूच्या हेमंत मुद्दप्पासारखा राष्ट्रीय विजेता घडला तो चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर. जवळ जागा नाही म्हणून कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर रात्री बाइक पळवणं हा पर्याय नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली तो गुन्हा आहे. शिवाय राखेने आणि कोळशाच्या चुऱ्याने माखलेल्या डांबरावर ब्रेक लावल्यावर काय होतं, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

शर्यतीचं हेल्मेट वेगळं का असतं, याचं उत्तर एका हौशी चालकाच्या मृत्यूत आहे. 1956 मध्ये अमेरिकेत पीट स्नेल शर्यतीत गेला. हेल्मेट डोक्यावर होतं, पण ते डोकं वाचवू शकलं नाही. पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने स्नेल संस्था उभी राहिली. तिच्या शिक्क्यातली अक्षरं वाचायला शिकावीत. ‘एम’ म्हणजे दुचाकीसाठी, ‘एसए’ म्हणजे मोटारीसाठी. एसए हेल्मेटला आगीची परीक्षा द्यावी लागते, मोटारीतल्या लोखंडी पिंजऱ्यावर डोकं आपटण्याचीही द्यावी लागते. बाइकच्या हेल्मेटला यातलं काही करावं लागत नाही. म्हणून एकच महागडं हेल्मेट घेऊन बाइक आणि मोटार दोन्ही पळवू, हा हिशेब चुकतो.

आणि आता मान. चांगलं हेल्मेट घेतलं की झालं, असं मानणाऱ्यांनी इथं थांबून गणित करावं. डोकं पाच किलोचं, हेल्मेट दीड किलोचं. मोटार भिंतीवर आदळून गुरुत्वाकर्षणाच्या पन्नास पट झटका बसला, तर हे साडेसहा किलोचं ओझं सव्वातीनशे किलोच्या ओढीने पुढे जातं. पट्ट्याने बांधलेलं धड जागच्या जागी राहतं. मधे उरते ती मान. कवटीचा तळ फाटतो तो असा, हेल्मेटवर ओरखडाही नसताना. अमेरिकेतल्या नासकार मोटारशर्यतींत 2000 साली अॅडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर असे तिघे गेले. 18 फेब्रुवारी 2001 ला डेटोनात डेल अर्नहार्ट गेला, तेव्हा कुठे डोळे उघडले.

उपाय तर वीस वर्षं आधीच तयार होऊ लागला होता. मिशिगन स्टेट विद्यापीठातले शरीरयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचा मेहुणा, शर्यतपटू जिम डाउनिंग, यांनी मित्राच्या अपघाती मृत्यूनंतर ‘हान्स’ बनवायला घेतलं. खांद्यावर बसणारं कडक जोखड, वरून शर्यतीचे पट्टे, आणि हेल्मेटला जोडलेल्या दोन दोऱ्या. डोकं पुढे झेपावलं की ओढ मानेवर न पडता दोऱ्यांतून खांद्यांवर आणि पट्ट्यांवर जाते. बैलाच्या मानेवरचं जू ओढ घेतं, हे जोखड ओढ अडवतं. इतकी साधी कल्पना, पण चालकांनी ती वर्षानुवर्षं अडचण म्हणून नाकारली. नासकारने ऑक्टोबर 2001 मध्ये अशा साधनाची सक्ती केली, फॉर्म्युला वनने 2003 मध्ये.

बाजारात याच्याशेजारी फेसाची गोल कॉलर मिळते, स्वस्तात. ती मानेला टेकू देते, पुढची ओढ थांबवत नाही. तिला हान्सचा पर्याय म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे.

पण हान्स विकत घेऊन रोजच्या गाडीच्या तीनबिंदू पट्ट्यात बसणंही व्यर्थ. त्याला दोन्ही खांद्यांवरून येणारे पट्टे लागतात. आणि असे पट्टे लावले की छताखाली लोखंडी चौकट हवी. गाडी उलटली तर पट्टा शरीराला ताठ धरून ठेवतो आणि छत डोक्यावर येतं. अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची एनएचआरए संस्था पाव मैल 13.99 सेकंदांत किंवा त्याहून लवकर काटणाऱ्या मोटारीला हेल्मेट सक्तीचं करते, अनेक मोटारींना 11.49 पासून लोखंडी चौकट. क्रम यातूनच कळतो.

हान्सलाही मर्यादा आहे. 2007 मध्ये ड्रॅग शर्यतपटू एरिक मेडलेन सराव करत असताना त्याच्या गाडीचं चाक भयंकर थरथरलं, डोकं पिंजऱ्याच्या बाजूंवर पुन्हापुन्हा आपटलं आणि तो वाचला नाही. हान्स पुढचा धक्का रोखतं, बाजूचा नाही. त्यानंतर डोक्याभोवतीच्या पिंजऱ्याची गादी बदलली गेली.

बाइकवाल्यांचा प्रश्न वेगळा. त्यांना बांधणारा पट्टाच नाही, म्हणून हान्सही नाही. मानेभोवतीचं कडं मातीतल्या शर्यतींत चालतं, पण टाकीवर झोपून बाइक पळवणाऱ्याला मान वर करू देत नाही. त्यांचा सगळा भरवसा पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटवर, दुहेरी कडीच्या पट्ट्यावर आणि पाठरक्षकावर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की चंद्रपूरचा माणूस हनुवटीचा पट्टा सैल सोडतो. शर्यतीच्या रांगेत हेच घडतं, आणि पडल्यावर डोकं एकीकडे, हेल्मेट दुसरीकडे.

दुकानात गेल्यावर भुवयांच्या बोटभर वरून डोक्याचा घेर टेपने मोजावा. हेल्मेट घालून गालाची कातडी त्यासोबत हलते का पाहावं. पट्टा बांधून मागची कड वर ओढावी. हेल्मेट पुढे निसटलं तर नाव कितीही मोठं असो, परत द्यावं. घातलेलं काढू नये, पंधरा मिनिटं तसंच बसावं. कपाळावर एकाच जागी ठणका लागला तर तो आकार आपला नव्हे. जुनं हेल्मेट घ्यायचं असेल तर ते किती पडलं, हे विकणाराच जाणतो, आणि चिरडलेला फेस वरून दिसत नाही.