जुन्या ट्रॅक्टरची ओढ कशी वाढवाल?

ऊस तोडणीचा हंगाम सुरू झाला की जुन्या ट्रॅक्टरविषयी एक तक्रार हमखास ऐकू येते : "सपाटीला चांगला पळतो, पण भरलेली ट्रॉली घेऊन चढाला लागला की दम टाकतो." अशा वेळी बरेच जण पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून घेतात. आमच्या घरच्या जुन्या ट्रॅक्टरचेही असेच केले होते. आठ दिवस ट्रॅक्टर जोरात ओढला, चढाला काळा धूर सोडू लागला आणि ऐन हंगामात एका सिलिंडरचा पिस्टन धरला. दुरुस्तीच्या खर्चात त्या वर्षीच्या वाहतुकीची कमाई गेली. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून ओढ कशावर अवलंबून असते, ते आधी समजून घेऊ.

अश्वशक्ती आणि टॉर्क

शर्यतीचा बैल आणि मोटेचा बैल यांत जो फरक, तोच येथे आहे. मोटेचा बैल पळत नाही, पण पाय रोवून ओढतो. क्रँकशाफ्टला मिळणाऱ्या पिळाच्या ताकदीला टॉर्क म्हणतात. टॉर्क (किलोग्रॅम-मीटर) गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ७१६ म्हणजे अश्वशक्ती. ३५ अश्वशक्तीचे इंजिन २,००० फेऱ्यांना सुमारे १२.५ किलोग्रॅम-मीटर टॉर्क देते. ओझ्याखाली फेरे १,३०० पर्यंत उतरले आणि टॉर्क १५ पर्यंत चढला, तर अश्वशक्ती २७ वर येते. पण पिळाची ताकद २० टक्क्यांनी वाढलेली असते. फेरे उतरताना वाढणारा हा टॉर्क म्हणजेच इंजिनाचा दम होय.

चढाला किती ओढ लागते?

ट्रॅक्टर, ट्रॉली आणि ऊस मिळून १० टन वजन आहे, असे समजा. डांबरी रस्त्यावर चाके फिरवण्यासाठी वजनाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे २०० किलो ओढ लागते. २० फुटांना १ फूट चढ असेल तर आणखी ५०० किलो लागते. एकूण ७०० किलो ओढीसाठी ताशी १० किलोमीटर वेगाला २६ अश्वशक्ती पुरते. ताशी १५ किलोमीटरला मात्र ३९ लागते. ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला दुसरा हिशेब जमणारच नाही. म्हणून चढ सुरू होण्यापूर्वीच गियर उतरवावा. खालचा गियर चाकावरची ओढ वाढवतो आणि त्याला एक पैसाही खर्च येत नाही. ओल्या शेतातून ट्रॉली बाहेर काढताना केवळ चाके फिरवण्यासाठीच वजनाच्या १० टक्के किंवा त्याहून अधिक ओढ लागू शकते. तेथे ट्रॉली निम्मी भरून बांधावर आणावी.

गेलेला दम परत आणा

जुन्या इंजिनात नवी ताकद घालण्याआधी हरवलेली ताकद शोधावी. स्वस्त कामापासून सुरुवात करून पुढील क्रम पाळावा :

१) एअर क्लिनर : धुळीच्या दिवसांत ऑइलबाथ एअर क्लिनर रोज तपासावा. तेल गढूळ झाले असल्यास वाटी धुऊन खुणेपर्यंत नवे तेल भरावे. हवा कमी पडली की डिझेल पुरते जळत नाही, काळा धूर येतो आणि ओढ घटते.

२) डिझेल फिल्टर व नोझल : फिल्टर वेळेवर बदलावेत. नोझलमधून डिझेलची बारीक फवार पडली पाहिजे, थेंब गळता कामा नयेत. दाब उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा.

३) टॅपेट व टायमिंग : दोन्ही पुस्तिकेतील मापाप्रमाणे लावून घ्यावेत.

४) क्लच : चढाला फेरे वाढतात, पण ट्रॅक्टर पुढे सरकत नाही आणि जळका वास येतो, तर दोष इंजिनाचा नसून क्लचचा आहे. पेडलची मोकळी चाल प्रथम तपासावी.

५) पंप : पंपाचे घासलेले एलिमेंट कमी फेऱ्यांना जास्त गळते. त्यामुळे नेमका चढाचा दम जातो. पंप टेस्ट बेंचवर कॅलिब्रेट करून सील करून घ्यावा.

६) रिंग व लायनर : ब्रीदरमधून धूर, निळसर धूर, तेलाचा वाढता खप आणि थंडीत अवघड स्टार्टिंग ही कॉम्प्रेशन गेल्याची लक्षणे आहेत. तेथे ओव्हरहॉलिंगला पर्याय नाही.

काय करू नये?

पंपाचे सील तोडून डिझेल वाढवू नये. सिलिंडरमध्ये जाणारी हवा तेवढीच राहते. जादा डिझेल धूर आणि उष्णता बनते व पिस्टन, व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट यांवर बेतते. जुन्या साध्या इंजिनावर बाहेरून टर्बो बसवण्याच्याही भरीस पडू नये. टर्बो इंजिनाचे पिस्टन, ऑइल पुरवठा व कूलिंग त्या भाराच्या हिशेबानेच केलेले असते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल मालकाला परस्पर करता येत नाहीत.

पकड आणि सुरक्षितता

इंजिनात दम असूनही चाक जागीच फिरत असेल, तर मागील टायरमध्ये पाणी भरावे. व्हॉल्व्ह वरच्या बाजूस ठेवून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे ७५ टक्केच भरावे. एक लिटर पाण्याने एक किलो वजन वाढते. पेरणी, कोळपणीच्या कामाला मात्र हे वजन काढावे, नाहीतर जमीन दाबली जाऊन मुळांची वाढ खुंटते.

ट्रॉली नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. उंचावर जोडल्यास चढाला पुढची चाके उचलून ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल जोडलेले असावेत. ज्या गियरमध्ये चढ चढला, त्याच गियरमध्ये उतरावे. न्यूट्रलमध्ये कधीही उतरू नये.

एवढे करूनही ट्रॅक्टर ओढत नसेल, तर भार त्याच्या कुवतीपेक्षा जास्त आहे असे समजावे. त्या वेळी पंपाचा स्क्रू फिरवण्याऐवजी ट्रॉलीतील मोळ्या कमी कराव्यात. एक खेप वाढेल, पण इंजिन हंगामभर टिकेल आणि चालवणारा सुखरूप घरी येईल.