रगडा, शिस्त आणि कलम ४७

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतले एक निवृत्त हवालदार आपल्या मुलाला घेऊन माझ्या ऑफिसात आले. मुलगा फौजेत भरती होऊन सात महिने झालेले. ट्रेनिंगमधून रजेवर घरी आला आणि आता परत जायचे नाही म्हणतो. बराच वेळ तो काही बोलेना. मग हळूहळू सांगू लागला. रात्रीचा रोल कॉल झाला की बराकीत वेगळीच ‘परेड’ सुरू होते. कोंबडा करून उभे करणे, उघड्या अंगाने फरशीवर लोळवणे, सीनियरचे कपडे धुवायला लावणे हे सगळ्यांच्याच वाट्याला. याच्या ट्रंकेत बाबासाहेबांचा छोटा फोटो सापडला, त्या दिवसापासून याच्या वाट्याला जास्तीचे. एका उस्ताद हवालदाराने सर्वांसमोर आडनाव विचारले, हसला आणि कानशिलात लावली.

बाप म्हणाला, “वकीलसाहेब, आम्ही पण रगडा खाल्ला. त्याशिवाय शिपाई घडत नाही. याला समजवा.”

फौजेची नोकरी आपल्या समाजाला कोणी दान दिलेली नाही. १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी लिहिला, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली त्यामागे डॉ. बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. सुभेदार रामजींचा वारसा सांगणाऱ्या समाजातला पोरगा बराकीतल्या छळामुळे नोकरी सोडून पळत असेल, तर तो प्रश्न त्याच्या एकट्याच्या घरापुरता राहत नाही. पण म्हणून त्याने छळ सोसायचा काय?

रगडा आणि छळ यांची सरमिसळ बाप करतो, तशीच ती अधिकारीही करतात. प्रशिक्षण कडक असलेच पाहिजे. पाठीवर वजन घेऊन मैलोन्मैल धावणे, चिखलातून सरपटणे याबद्दल कोणाची तक्रार नाही. ते दिवसाढवळ्या, मैदानावर, कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे होते. मी एक साधी कसोटी लावतो. दिलेली शिक्षा रजिस्टरमध्ये लिहिता येते का? सैन्य अधिनियम १९५० च्या कलम ८० मध्ये कमांडिंग ऑफिसरने जवानाला द्यायच्या शिक्षांची यादीच आहे. २८ दिवसांपर्यंत कैद, लाईनबंदी, जादा पहारा, ताकीद वगैरे. त्यात कानशिलात मारणे कुठेही नाही.

उलट कलम ४७ स्पष्ट सांगते की, कोणत्याही अधिकाऱ्याने, जेसीओने वा एनसीओने हाताखालच्या माणसावर बळाचा वापर केला किंवा त्याला अन्य प्रकारे वाईट वागवले, तर कोर्ट मार्शलमध्ये सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कायदा आहे, पण तो वापरायचा कोणी? बहुतेक वेळा प्रकरण ‘आपसात मिटवले’ जाते किंवा छळ झालेल्याचीच बदली होते. जवानाने वरिष्ठावर हात उगारला तर मात्र कलम ४० आहे, आणि तिथे शिक्षा दहा ते चौदा वर्षांपर्यंत जाते. दोन कलमांच्या मापातच फरक! शिवाय कलम ४७ फक्त हुद्देदारांना लागू आहे. बराकीतला बरोबरीचा सीनियर शिपाई त्यात येत नाही, त्याच्यासाठी कलम ६३ सारखी सर्वसाधारण तरतूद शोधावी लागते.

तक्रारीची वाट कलम २६ मध्ये आहे. तक्रार कंपनी कमांडरकडे करायची, आणि तक्रार त्याच्याचविरुद्ध असेल तर त्याच्या वरच्याकडे. ही वाट चुकली की काय होते, ते रणजित ठाकूर विरुद्ध भारत सरकार या १९८७ च्या निकालात वाचावे. एका सिग्नलमनने आपल्या कमांडिंग ऑफिसरच्या वागणुकीविरुद्ध थेट वर अर्ज पाठवला. पद्धत मोडली म्हणून त्याच कमांडिंग ऑफिसरने त्याला २८ दिवसांची सक्तमजुरी दिली. क्वार्टर गार्डच्या कोठडीत असताना जेवायचा हुकूम मानला नाही म्हणून समरी कोर्ट मार्शल झाले. एक वर्षाची सक्तमजुरी आणि बडतर्फी! न्यायासनावर कोण? तोच कमांडिंग ऑफिसर. सर्वोच्च न्यायालयाने हे सारे रद्द करून त्याला नोकरीत परत घ्यायला लावले. पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत किती शिपाई पोहोचतील? २००९ पासून सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे खरे, तरी तिथेही वकील लागतो आणि वकिलाला पैसे.

म्हणून शिस्तीचा बडगा वरून खाली नव्हे, खालून वर चढला पाहिजे. अमेरिकेच्या मरीन दलात २०१६ साली पॅरिस आयलंड प्रशिक्षण केंद्रात २० वर्षांचा एक मुस्लिम रिक्रूट, शिक्षकाने थोबाडीत मारल्यानंतर, जिन्याच्या मजल्यावरून खाली पडून मरण पावला. याच शिक्षकाची दुसऱ्या एका मुस्लिम रिक्रूटला कपडे वाळवायच्या यंत्रात घातल्याबद्दल आधीच चौकशी चालू होती, तरी त्याला रिक्रूटांवरच ठेवले होते. २०१७ मध्ये त्या शिक्षकाला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बटालियनच्या कमांडरला पदावरून काढले आणि २०१८ मध्ये त्यालाही कोर्ट मार्शलपुढे उभे राहावे लागले.

आपल्याकडे हे तत्त्व परके नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने दुर्लक्ष केले तर तोही रॅगिंगला साहाय्य करणारा ठरतो. कॉलेजच्या प्राचार्याला जी जबाबदारी, ती पलटणीच्या कर्नलला का नको? तक्रार आली त्याच दिवशी आरोपीला रिक्रूटांपासून दूर करा, पोराला नव्हे. पोराची वैद्यकीय तपासणी करून घ्या. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत त्या बराकीच्या सुभेदारालाही विचारा, की रात्री दहा वाजता तू कुठे होतास? आणि कोणी बोलले म्हणून सगळ्या बराकीला शिक्षा देऊ नका. तसे केले की उद्या तीच बराक बोलणाऱ्याला मारते. ‘फौजेत जात नाही’ असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याने तर आडनावावरून झालेला प्रकार जास्त गंभीर धरायला हवा.

मुलाला मी सांगितले, रजा संपल्यावर गेला नाहीस तर कलम ३९ आहे, तीन वर्षांपर्यंत. मग उस्ताद सुटेल आणि आरोपी तू होशील. कलम २६ प्रमाणे अर्ज तयार केला. तारखा, वेळा, पाहणाऱ्यांची नावे, आणि फक्त घडले तेवढेच. कारण तक्रारीत जाणूनबुजून खोटे लिहिले तर कलम ५६ मध्ये पाच वर्षांची तरतूद आहे. एक प्रत माझ्याकडे, एक बापाकडे.

अर्ज वाचून दाखवला तेव्हा म्हातारा खाली बघत होता. मग म्हणाला, “साहेब, उस्ताद असताना मी पण पोरांना मारलंय. एक जण पळून गेला होता. त्याचं पुढं काय झालं, कुणी विचारलं नाही.”

रजा संपायच्या आदल्या दिवशी मुलगा गाडीत बसला. स्टेशनवर बाप सोडायला गेला होता. फोटो ट्रंकेतच आहे, असे त्याने मला फोनवर सांगितले.