डिझेल वाढले, भाडे किती वाढावे?



संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले की मुकुंदवाडी लागते. लगतच चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत. अशा ठिकाणच्या मालवाहतुकीच्या करारात पुष्कळदा ‘इंधन अधिभार’ हे कलम असते. डिझेल महागले की ठरल्या भाड्यावर काही रक्कम चढते, उतरले की ती कमी व्हावी. हे कलम आपण ऊसवाल्यांनीही समजून घेतले पाहिजे.

कारण सरळ आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरविली, ती ऊस कारखान्याच्या दारात पोच धरून. तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा होते. भाडे कोणीही चुकते करो, भार आपल्याच बिलावर!

आता हिशेब मांडू. आकडे समजुतीपुरते आहेत. फड कारखान्यापासून ३० किलोमीटरवर. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस १६ टन. भरून येताना १० लिटर, रिकामे जाताना ६ लिटर डिझेल लागले. ९० रुपये भावाने १,४४० रुपये झाले, म्हणजे टनाला ९० रुपये. एकूण भाडे टनाला २७० धरा. बाकीच्या १८० रुपयांत ड्रायव्हरचा पगार, टायर, दुरुस्ती, बँकेचा हप्ता आणि मालकाचा नफा.

डिझेल ९० चे ९९ झाले, दहा टक्के वाढले. मग भाडेही दहा टक्के, म्हणजे २७ रुपये वाढवा, असे कोणी म्हणेल. पण वाढले फक्त डिझेल. टनामागे वाढ ९ रुपयेच होते. उरलेले १८ कशाचे, हे विचारायला नको का?

वाहतूकदारही आपलाच माणूस आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव नियंत्रणमुक्त झाले आणि जून २०१७ पासून भाव रोज ठरू लागला. हंगामाच्या सुरुवातीला ठरलेल्या दरात त्याने सगळी झळ सोसावी, हा न्याय नव्हे. ट्रॉली १२ टनच भरली तर तेच डिझेल टनाला १२० रुपये पडते. गाडी काट्यावर दिवसभर खोळंबली तर खेप बुडते, हप्ता काही थांबत नाही.

तेव्हा वार्षिक सभेत तीन गोष्टी विचाराव्यात : करारात डिझेलचा मूळ भाव कोणता धरला? भाड्यात डिझेलचा वाटा किती? आणि भाव उतरला की भाडे उतरणार का? तिन्ही उत्तरे करारात लेखी असली, म्हणजे वाहतूकदारही बुडणार नाही आणि सभासदही.