दुधाची कसोटी आणि वासराचा वाटा

घरीं दूध आलें कीं त्यांत पाणी तर नाहीं ना, ही शंका गृहिणीच्या मनांत सहज डोकावते. तिच्या रक्षणासाठींच कायद्यानें दुधाचा कस ठरवून दिला आहे. भारतांत गाईच्या दुधांत स्निग्धांश, म्हणजे संकलन-केंद्रावरील भाषेंत ‘फॅट’, शेंकडा 3.2 आणि इतर घनांश शेंकडा 8.3 यांहून कमी असूं नये, असा सध्यांचा दंडक आहे.

असा दंडक हवाच. दूध केवळ मापानें विकलें जाई, तेव्हां पाणी घालणाराच फायद्यांत राही. 1890 च्या सुमारास अमेरिकेंत बॅबकॉक व स्वित्झर्लंडांत गर्बर यांनीं स्निग्धांश मोजण्याच्या सोप्या रीती शोधून काढल्या आणि दुधाचा दाम कसावर देणें शक्य झालें. प्रामाणिक गवळ्याला तो मोठाच आधार होता.

परंतु गाईचें दूध रोज सारखें नसतें. हिरवा चारा आटला किंवा कासेला दाह झाला, तर इतर घनांश घटतो. एकाच वेळच्या दोहनांतहि पहिल्या धारा पातळ आणि शेवटच्या दाट असतात. म्हणून शेवटच्या धारा जो वासरासाठीं कासेंत राखतो, त्याच्या चरवींत पातळ दूध पडतें. शंभर गाईंच्या गोठ्यांत एकीची उणीव दुसरी भरून काढते. एक-दोन गाई बाळगणाऱ्याला ती सोय नाहीं. केंद्रावर कस उणा भरला कीं त्याचा दर उतरतो, प्रसंगीं दूधच परत येतें. आणि उन्हाळ्यांत परत आलेलें दूध कांहीं तासांत नासतें.

1954 च्या भेसळ-प्रतिबंधक कायद्यानें उणा कस हीहि भेसळच मानली होती. केवळ निसर्गामुळें कस उतरला असल्यास तो दोष धरूं नये, अशी सवलत 1976 च्या दुरुस्तीनें आली. पुढें 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यानें ‘निकृष्ट’ आणि ‘असुरक्षित’ हे दोन प्रकार वेगळे केले; तरी निकृष्ट मालाच्या विक्रीस पांच लाख रुपयांपर्यंत दंड आहेच.

पाणी घातलेलें दूध आणि मुळांतच पातळ असलेलें दूध यांतील भेद ओळखण्याचा उपाय शास्त्रापाशीं आहे. दूध शून्याखालीं सुमारें अर्ध्या अंशावर गोठतें. पाणी मिसळल्यास हा बिंदु शून्याकडे सरकतो. स्निग्धांश उणा असला म्हणून तो फारसा ढळत नाहीं. तेव्हां कस उणा दिसतांच दूध नाकारण्यापूर्वीं ही दुसरी परीक्षा व्हावी, म्हणजे ग्राहकाचें रक्षण होईल आणि लहान गोठाहि टिकेल. वासराला त्याचा वाटा देणारा आणि दुधांत पाणी ओतणारा, हे दोघे नियमाच्या दृष्टीनें एकच ठरूं नयेत.