एक वॅट, देशभर वाटलेला

बिबवेवाडीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून स्टीलचा मेजर टेप आणला आणि पत्र्याच्या कात्रीने सुरुवातीचे बरोबर 17 सेंटिमीटर कापले. तुकडा बोटाभोवती वाकवून सोडला की खाडकन सरळ होतो. छोटे उपग्रह बनवणारी कॉलेजची पोरं असल्याच पट्ट्या अँटेना म्हणून अवकाशात पाठवतात.

17 च का? पुण्यात शिवाजीनगरच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी 2008 पासून खपून बनवलेला ‘स्वयम’ हा उपग्रह 22 जून 2016 ला पीएसएलव्ही-सी34 रॉकेटमधून गेला. प्रत्येक बाजू 10 सेंटिमीटर, वजन किलोच्या आत. तो बोलायचा 437 मेगाहर्ट्झच्या आसपास. ही लहर साडेअडुसष्ट सेंटिमीटरची, तिचा चौथा हिस्सा 17. पेटी दहाची आणि हात सतराचा! असा हात दुमडून तंगुसाने बांधायचा आणि वर गेल्यावर तापलेल्या तारेने तंगूस जाळायचा. नाही जळला तर 500 किलोमीटरवर चढून कोण सोडवणार?

एवढ्या उंचीवरचा उपग्रह सेकंदाला 7.6 किलोमीटर पळतो. पुण्यावरून निघाला की 16 सेकंदांत मुंबई. मार्केट यार्डाच्या सिग्नलला आपण अजून तांबड्यातच असतो. आणि आवाज? समजा, त्याने 1 वॅट सगळीकडे सारखा फेकला. 500 किलोमीटरवर पोचेपर्यंत तो 31 लाख चौरस किलोमीटरवर पसरतो. भारताचं क्षेत्रफळ जवळपास 33 लाख. म्हणजे देवघरातला एक बारका एलईडी अख्ख्या देशात वाटायचा आणि गच्चीवरच्या अँटेनाने आपला वाटा वेचायचा.

वारंवारता वाढवली की लहर आखूड होते, पण दुमडण्यापासून सुटका नाही. नासाच्या ‘रेनक्यूब’ या छोट्या उपग्रहाने 2018 मध्ये 35.75 गिगाहर्ट्झवर पाऊस मोजला. लहर 8.4 मिलिमीटर, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. अँटेनाची थाळी अर्ध्या मीटरची, 30 काड्यांची छत्रीच म्हणा, आणि मिटवून ठेवायची 10 बाय 10 बाय 15 सेंटिमीटरच्या डब्यात. उघडल्यावर पृष्ठभागात चूक चालणार साधारण लहरीच्या चाळिसाव्या हिश्शाएवढी, म्हणजे 0.2 मिलिमीटर. पोस्टकार्डाची जाडी तेवढी असते.

उलट पुणे जिल्ह्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघा. 45 मीटर व्यासाच्या 30 थाळ्या, आणि ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी त्यांना पत्रा न लावता तारेची जाळी लावली. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त. तिथली छोट्यात छोटी लहरसुद्धा वीसेक सेंटिमीटरची. 10 ते 20 मिलिमीटरची भोकं तिला दिसतच नाहीत. रेनक्यूबचा हरभरा मात्र या चाळणीतून सरळ खाली पडेल.

बाकी, आमच्या घरचा टेप आता 17 पासून सुरू होतो. काल कपाटाचं माप घ्यायला आलेले सुतारकाका दर आकड्यातून 17 वजा करत होते, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघत होते.