स्ट्रेस थॅलियम आहे? चहा आदल्या दिवसापासून बंद

चिखलीतल्या शिफ्टवाल्यांनो, हृदयाची ही तपासणी सांगितली असेल तर चहा, कॉफी, चॉकलेट २४ तास आधी सोडा. त्यांतल्या कॅफीनने तपासणीतल्या औषधाचा परिणाम दबतो. नेहमीच्या गोळ्यांचं मात्र डॉक्टरांनाच विचारा.

नाव थॅलियमचं असलं तरी शिरेतून बहुधा किरणोत्सर्गी टेक्नेशियम-९९एम देतात. ते रक्तासोबत हृदयाच्या स्नायूत पोचतं. जिथे रक्त कमी, तिथे चित्र फिकं. फोटो दोनदा: विश्रांतीत आणि ट्रेडमिलनंतर. गुडघे साथ देत नसतील तर चालण्याऐवजी कॅफीनने दबणारं ते औषध. तेव्हा धाप लागली, छाती जड झाली तर लगेच सांगा.

किरणोत्सर्गाला घाबरू नका, दर ६ तासांनी तो निम्मा होतो. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आधीच सांगावं. अर्धा दिवस सहज जातो, त्या दिवशी रजाच टाका.