धाकट्यांचं लक्ष तुमच्या ताटावर आहे!

‘भाजी संपव, मगच मोबाइल मिळेल!’ जेवणाच्या वेळी हा डायलॉग बऱ्याच घरांत ऐकू येतो. आई ओरडते, आजी समजावते आणि घरातलं शेंडेफळ मात्र दादाच्या ताटाकडे बघत असतं. दादाने गवार बाजूला सारली की याचीही गवार बाजूला. मुलं सांगितलेलं कमी आणि बघितलेलं जास्त शिकतात. त्यामुळे घरात लहान भावंडं, भाचरं असतील तर त्यांच्या खाण्यापिण्याचे मास्तर तुम्हीही आहात, मग तुम्हाला आवडो वा न आवडो.

सगळ्यात आधी लाच बंद. भाजीच्या बदल्यात चॉकलेट दिलं, की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, एवढंच पोरांच्या डोक्यात बसतं. नवी चव आवडायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती चाखावी लागते. म्हणून एकदा थुंकलं की लगेच ‘त्याला आवडतच नाही’ असा शिक्का नको. घासभर वाढा आणि सोडून द्या. काय आणि कधी वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं हे मुलांनी, असं अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर सांगतात.

दुसरं म्हणजे कामाला लावा. मटकी भिजवून फडक्यात बांधायचं काम धाकट्याला द्या. दुसऱ्या दिवशी मोड बघायला तोच आधी धावेल आणि उसळही चवीने खाईल. पोह्यांवर लिंबू पिळायचं कामही त्याचंच. पिळता पिळता कारण सांगा, की लिंबातलं ‘क’ जीवनसत्त्व अन्नातलं लोह शरीरात शोषायला मदत करतं, तर सोबतचा चहा त्यात अडथळा आणतो. ही माहिती किरकोळ नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या 68.9 टक्के मुलांमध्ये ॲनिमिया आढळला होता.

तिसरा आहे पाकीट वाचायचा गेम. पाकिटावरच्या यादीत सगळ्यात जास्त वजनाचा घटक आधी लिहिलेला असतो. साखर कितव्या नंबरवर आहे, हे शोधायला सांगा. चार ग्रॅम साखर म्हणजे साधारण एक छोटा चमचा. बऱ्याच कोला पेयांत 100 मिलीमागे 10-11 ग्रॅम साखर असते. म्हणजे 250 मिलीच्या बाटलीत सहाहून जास्त चमचे! तेवढी साखर वाटीत काढून दाखवा, लेक्चरची गरजच पडणार नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. ‘मी किती जाडी झालेय’, ‘आज चीट डे, उद्यापासून कडक डाएट’ हे आपण सहज बोलून जातो. शेजारी बसलेली आठ वर्षांची बहीण ते ऐकते आणि आरशात स्वतःचं पोट बघायला लागते. वाढत्या वयात तिला पोटभर खाण्याची गरज असते, खाताना अपराधी वाटून घेण्याची नाही. म्हणून तिच्यासमोर कुणाच्याच वजनावर कॉमेंट नको, अगदी स्वतःच्याही. वडापाव खायचा असेल तर दोघं मिळून मजेत खा, फक्त तो रोजचा होऊ देऊ नका.

आणि कारल्याची भाजी असेल त्या दिवशी फोन बाजूला ठेवून तिच्या शेजारीच जेवायला बसा. तोंड वाकडं न करता!